पत्त्यांत उरलेल्या बागा

गिरगांवांत फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी अशीं नांवें आहेत. तेथें आज कोणी फणस-केळीं शोधूं लागेल, तर पदरीं निराशाच यावयाची. तथापि हीं नांवें निरर्थक नव्हेत. त्यांचा अर्थ शब्दकोशापेक्षां जुन्या नकाशांत अधिक चांगला उलगडतो.

मुंबई बेट हें एके काळीं बागाइताचें होतें. पोर्तुगीज अमलांत बागेस ‘होर्ता’ म्हणत; त्यावरून इंग्रजी दप्तरांत माडांच्या बागेस ‘ओर्ट’ हा शब्द रूढ झाला. आपण तीसच वाडी म्हणतों. इ. स. १८१२ च्या सुमारास कॅप्टन डिकिन्सन यांनीं बेटाची मोजणी हातीं घेतली. त्या काळच्या नकाशांत कोट व त्याच्या उत्तरेची वस्ती सोडली, कीं वाड्या व भातखाचरेंच पसरलेलीं दिसतात; माहीमकडे तर माडांचें बनच. पुढें १८५३ सालीं आगगाडी आली, १८५४ सालीं पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली. आणि १८६५ ते १८७२ या काळांत लॉटन यांनीं पुन्हां शहर मोजलें, तेव्हां कागदावर घरें व गल्ल्या यांची दाटी झाली होती. झाडें गेलीं, नांव राहिलें. उमरखाडीचेंहि तसेंच; आज तेथें खाडी कोठें आहे?

मात्र नकाशा सर्वच सांगतो असें नाहीं. माडावर चढून ताडी काढणारा भंडारी व खाचरांत राबणारा कुणबी त्यांत दिसत नाहींत. त्यांची स्मृति माणसांनींच जपावी लागते.

आमचें जऊळका समुद्रापासून फार दूर. पण ही गोष्ट आपल्याहि दारची आहे. गांवच्या नकाशावर शेतांचे क्रमांक असतात. ‘आंब्याचें वावर’, ‘चिंचेचा तुकडा’ हीं नांवें केवळ वडील माणसांच्या जिभेवर. मुंबईच्या वाड्या पत्रांवरील पत्त्यांमुळें तगल्या; शेतास पत्र कोण घालणार? वाटणी झाली, शेत विकलें, कीं नांवहि जातें. म्हणून येत्या सुटींत मुलांनीं नकाशाची प्रत आजीपुढें ठेवावी, आणि ती सांगेल तें नांव प्रत्येक क्रमांकाशेजारीं लिहून ठेवावें. हा वारसा वाटून कमी होत नाहीं. न लिहिल्यानें मात्र बुडतो.