प्रेम हे व्यसनावरचे औषध नव्हे

गेल्या पावसाळ्यात परिचयातील एका कुटुंबातील मुलगी घरी आली. पुण्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला शिकणारी, हुशार, अबोल. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तिने खाली मान घालून विचारले, "काका, मी त्याला सोडलं आणि त्यानं जिवाचं काही बरंवाईट करून घेतलं, तर पाप मलाच लागेल ना?"

वर्गातील मुलगा, तीन वर्षांचे प्रेम. परीक्षेच्या दिवसांत रात्रभर जागता यावे म्हणून कुणा मित्राने त्याच्या हाती 'एमडी'ची पुडी ठेवली आणि पुढचे सारे त्या पुडीने ठरवले. झोप उडाली, भूक गेली आणि मागोमाग संशय आला. तो तिचा मोबाइल तपासू लागला. तिचे शिष्यवृत्तीचे पैसे संपले, आईने वाढदिवसाला दिलेली साखळी गहाण पडली. दीड वर्ष तिने घरात अवाक्षर काढले नव्हते. का? तर व्यसनाचे सांगायचे म्हणजे आधी प्रेमाचा 'गुन्हा' कबूल करावा लागला असता!

हे उत्तर झोंबणारे आहे, पण ते आपण ऐकलेच पाहिजे. ज्या घरात मुलगी मनातले बोलू शकत नाही, त्या घराचे संस्कार भिंतीवरच्या सुविचारापुरतेच उरतात. आपल्या धाकाने तिचे प्रेम थांबले नाही, थांबले ते तिचे बोलणे. व्यसनाला नेमके हेच हवे असते.

मौनाच्या जोडीला चित्रपटांनी पिढ्यानपिढ्या शिकवलेले एक असत्यही आहे. शरच्चंद्रांची 'देवदास' ही कादंबरी १९१७ साली प्रसिद्ध झाली. १९५५ आणि २००२ साली हिंदी पडद्याने तिला पुन्हापुन्हा रंगवले आणि व्यसनात बुडणारा दुबळा पुरुष प्रेमाचा हुतात्मा ठरला. २०१९ सालच्या 'कबीर सिंग'मध्ये तर नशेत वाहवत गेलेला नायक कोणत्याही उपचाराविना सावरतो आणि नायिका त्याच्या पदरात पडते. तरुण मुलीने यातून काय शिकावे? आपले प्रेम पुरेसे खरे असेल तर तो सुधारेल आणि सुधारला नाही तर आपलेच प्रेम उणे पडले, हेच ना? ही शिकवण क्रूर आहे.

वास्तव असे की 'एमडी' म्हणजे मेफेड्रोन हे मेंदूला चेतवणारे कृत्रिम रसायन आहे. ते मेंदूतील सुखाच्या यंत्रणेवरच ताबा मिळवते. प्रेयसीचे अश्रू, शपथा, उपवास यांनी ती यंत्रणा पूर्ववत होत नाही. २०१५ पासून हा पदार्थ अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आहे. तरीही ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळ शिंदे गावात आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत त्याच्या निर्मितीचे कारखाने पोलिसांनी उघडकीस आणले. हे विष सीमेपलीकडूनच येते, असे समजून निश्चिंत राहणाऱ्यांनी ही गावे नकाशावर पाहावीत. ती आपल्याच अंगणात आहेत.

काही पुढारलेली मंडळी म्हणतात, "कोणी काय घ्यावे हा ज्याचा त्याचा वैयक्तिक प्रश्न!" ज्या मुलीची साखळी गहाण पडली तिला हे सांगून पाहावे. व्यसन एकट्याचे कधीच नसते. त्याची किंमत आई, बहीण, प्रेयसी, पत्नी यांच्याकडूनच वसूल होते.

परंतु बोट केवळ दुसऱ्याकडे दाखवून चालणार नाही. "लग्न करून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल," हे वाक्य आपल्याच मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत उच्चारले जाते. परक्याची लेक ही काय औषधाची बाटली आहे? मुलाचे व्यसन लपवून विवाह जुळवणे ही शुद्ध फसवणूक होय. महत्त्वाची बाब लपवून संमती मिळवली असेल, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ अन्वये विवाह रद्द करून मागता येतो. फसवणूक उघड झाल्यापासून एका वर्षाच्या आत दाद मागावी लागते, हेही मुलीच्या आईवडिलांनी जाणून असावे.

मग उपाय काय? डॉ. अनिल अवचट यांच्या 'गर्द'वरील लेखनाने महाराष्ट्र हादरला. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने 'मुक्तांगण' उभे राहिले. व्यसन हा आजार आहे आणि त्यातून माणूस बाहेर पडू शकतो, हे तिथे सिद्ध झाले. तरीही २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात असे आढळले की अवैध अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या दर २० जणांपैकी जेमतेम एकालाच दाखल होऊन उपचार मिळाले होते. उरलेल्यांना लाज आणि भीती अडवते. पोलिसांची भीती घालणाऱ्यांनी कायद्याचे कलम ६४-अ वाचावे. सेवनाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पूर्ण करत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. १४४४६ हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक विनाशुल्क आहे. तो प्रत्येक शाखेच्या, मंडळाच्या आणि वसतिगृहाच्या फलकावर असला पाहिजे.

त्या मुलीला मी एवढेच सांगितले, "बाळ, पाप तुझं नाही. त्याला उपचारांपर्यंत नेणं हे त्याच्या घरच्यांचं आणि आम्हा मोठ्यांचं काम. तू फक्त गप्प राहू नकोस." त्याच संध्याकाळी तिने आईला सारे सांगितले. आई रडली, पण रागावली नाही. दोन्ही घरची माणसे एकत्र बसली. मुलगा आज उपचार घेत आहे. विवाहाचे वचन मात्र तिने दिलेले नाही आणि कोणी मागितलेलेही नाही.

कुटुंब हा आपल्या समाजाचा कणा आहे, असे आपण अभिमानाने म्हणतो. मग त्या कुटुंबात आपल्या लेकीला खरे बोलण्याइतकी जागा आहे का, हा प्रश्न प्रत्येकाने आज रात्रीच्या जेवणापूर्वी स्वतःला विचारावा.