'सर्व हक्क' या दोन शब्दांवर सही करण्यापूर्वी

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात 'प्राडा' या बड्या कंपनीच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे झळकली. कोल्हापूरचा किंवा पिढ्यान्‌पिढ्या चप्पल घडविणाऱ्या कारागिरांचा साधा उल्लेखही सुरुवातीला नव्हता. महाराष्ट्रात संताप उसळला, तेव्हा कुठे कंपनीने भारतीय परंपरेतून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. चप्पल सर्वांनी ओळखली म्हणून हा प्रश्न पेटला. पण आपल्या वस्तीतल्या एखाद्या पोराने काढलेले चित्र चहाच्या पुड्यावर, टी-शर्टवर, कंपनीच्या कॅलेंडरवर जाते, तेव्हा ते कोण ओळखणार? तेथे चोरीसुद्धा होत नाही. तेथे रीतसर करार होतो, चित्रकार स्वतःच्या हाताने सही करतो आणि स्वतःच्याच चित्राला कायमचा मुकतो. हा कायदेशीर मार्गाने होणारा तोटा आहे आणि म्हणूनच तो अधिक घातक आहे.

काही महिन्यांपूर्वी एक तरुण चित्रकार माझ्याकडे आला. पहाटे टपरीवर चहा पिणाऱ्या नाका कामगारांचे त्याचे एक जुने चित्र मोबाइलवर खूप फिरले होते. एका चहा कंपनीला ते पुड्यावर छापायचे होते. मोबदला दहा हजार रुपये. करार अकरा पानांचा आणि सगळा इंग्रजीत. सातव्या पानावर लिहिले होते की या चित्राचे सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभरासाठी, आज असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांत कंपनीकडे राहतील. कंपनी चित्रात हवा तो बदल करू शकेल. चित्रकाराचे नाव छापणे तिच्यावर बंधनकारक नाही. पोराला वाटत होते, आपण एका पुड्यासाठी चित्र देत आहोत. प्रत्यक्षात तो खरेदीखत करून देत होता. टपरीवर बसलेल्या त्या कामगारांत त्याचा बापही होता!

येथे एक फरक नीट समजून घेतला पाहिजे. खोली भाड्याने देणे वेगळे आणि खोलीचे खरेदीखत करून देणे वेगळे. भाडेकरू येतो, ठरलेली मुदत राहतो, भाडे देतो. खोली मालकाचीच राहते. चित्राचेही तसेच आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये कलम ३० चा 'परवाना' म्हणजे भाड्याने देणे आणि कलम १८ व १९ चे 'हस्तांतरण' म्हणजे विकणे. ब्रँडला आपले आधीच तयार असलेले चित्र वापरायचे असेल, तर त्याची गरज बहुतेक वेळा परवान्यानेच भागते. मग करारात हस्तांतरणाची भाषा का घातली जाते? कारण समोरचा विचारणार नाही, याची कंपनीच्या वकिलाला खात्री असते!

तयार चित्राच्या बाबतीत तर आपली बाजू अधिक भक्कम असते. पैसे देऊन कोणी मुद्दाम चित्र काढून घेतले, तर वेगळा करार नसल्यास पैसे देणाराच पहिला मालक ठरतो, असे कलम १७ सांगते. नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचेही तसेच. पण जे चित्र आपण आपल्या मनाने, आपल्या वेळेत आधीच काढले आहे, त्याचे मालक आपणच असतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. चित्र कागदावर उतरले की हक्क निर्माण होतो आणि चित्रकाराच्या हयातीत व निधनानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे तो आपल्या लेकराबाळांचाही हक्क आहे. म्हणूनच जुन्या चित्राच्या करारात 'कंपनीच्या सांगण्यावरून केलेले काम' असा शब्दप्रयोग दिसला, तर तो खोडायला लावा.

१९९४ च्या दुरुस्तीने कायदा कलावंताच्या बाजूने आणखी झुकला. करारात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल, तर भारतापुरताच करार धरला जातो. मिळालेला हक्क कंपनीने एक वर्ष वापरलाच नाही, तर करारात वेगळे काही नसल्यास तो परत येतो. कलम ३० अ नुसार या तरतुदी परवान्यालाही लागू आहेत. पण नीट पाहा. हे संरक्षण करार गप्प असेल तेथेच उपयोगी पडते. करारात 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे शब्द आले की आपणच आपल्या सहीने ते दूर लोटतो. कायद्याने दिलेले एका ओळीत काढून घेतले जाते, ते असे.

आणखी एक सावधगिरी. हस्तांतरणाला सही लागते. परवाना लेखी असावा लागतो, पण त्यावर सहीची अट २०१२ नंतर राहिलेली नाही. तेव्हा मोबाइलवर 'चालेल, वापरा' असे घाईने लिहून पाठवू नका. उद्या तोच संदेश परवाना म्हणून कोर्टात पुढे केला जाऊ शकतो.

मग करारात काय असावे? पहिले, नेमके कोणते चित्र. दुसरे, कशावर वापरणार. पुड्यासाठी दिलेले चित्र होर्डिंगवर किंवा टी-शर्टवर गेले, तर त्याचा मोबदला वेगळा. तिसरे, किती काळ आणि कोणत्या प्रदेशात. चौथे, हा परवाना एकट्या त्याच कंपनीला आहे की दुसऱ्यालाही देता येईल. एकट्यासाठी हवा असेल, तर रक्कम जास्त. पाचवे, नाव कोठे छापणार. सहावे आजच्या काळाचे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणेला शिकविण्यासाठी हे चित्र वापरायचे नाही, असे स्पष्ट लिहून घ्या. नाहीतर आपलाच हात आपल्याविरुद्ध कामाला लावला जाईल.

चित्र विकले तरी काही हक्क चित्रकाराकडेच राहतात. कलम ५७ प्रमाणे, हे चित्र माझे आहे असे सांगण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी त्याची मोडतोड थांबविण्याचा हक्क हस्तांतरणानंतरही संपत नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे ब्राँझचे भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकले गेले. प्रत्यक्ष केंद्र सरकारविरुद्ध ते लढले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. निकाल मोठा आहे, पण त्याला किती वर्षे लागली, हेही विसरू नये. कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा सहीच्या वेळी दोन ओळी खोडणे केव्हाही स्वस्त.

आता आदिवासी पाड्यांकडे वळू. २०१० मध्ये कोका-कोलाच्या दिवाळीच्या जाहिरातीत वारली शैलीची चित्रे झळकली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंद आहे. पण मानांकन त्या नावाचे आणि त्या प्रदेशाचे रक्षण करते. शैलीवर कोणाचाही कॉपीराइट नसतो. तो असतो प्रत्यक्ष काढलेल्या चित्रावर. ऑस्ट्रेलियातील आदिवासी चित्रकारांनी हाच धागा पकडला. त्यांची छापील पुस्तिकांतील चित्रे उचलून एका कंपनीने व्हिएतनाममध्ये गालिचे बनवून घेतले होते. समाजाला पवित्र असलेल्या आकृत्या लोकांच्या पायाखाली आल्या. १९९४ मध्ये तेथील फेडरल कोर्टाने चित्रकारांच्या बाजूने निकाल देऊन सुमारे १ लाख ८८ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई ठरविली आणि समाजात झालेली मानहानीही विचारात घेतली. एकेका चित्रकाराचा हक्क सिद्ध झाला, म्हणून समाजाचा मान राखला गेला. आपल्याकडेही चित्रावर सही आणि तारीख घालण्याची, मूळ प्रत जपण्याची सवय लागली पाहिजे.

'कंपनीशी आम्ही कसे लढणार?' असे विचारले जाते. कॉपीराइटचा दावा जेथे आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येतो, अशी तरतूद कलम ६२ मध्ये आहे. मुंबई-दिल्लीला खेटे घालण्याची गरज नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. आपले किती चित्रकार जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या दारात गेले आहेत? आणि आपल्यातल्या किती वकिलांनी असा एक तरी करार मराठीत समजावून दिला आहे? जयंतीच्या मंडपात चित्रप्रदर्शने भरविणाऱ्या संघटनांनी त्याच मंडपात एक टेबल करार वाचून देणाऱ्या वकिलासाठी ठेवावे. मराठीतला एक पानी नमुना करार तयार करणे हे काही अवघड काम नाही.

त्या तरुणाच्या करारातल्या चार ओळी आम्ही बदलून मागितल्या. दोन वर्षे, फक्त चहाचा पुडा, फक्त भारत आणि पुड्याच्या मागे त्याचे नाव. कंपनीने थोडी कुरकुर करून सर्व मान्य केले. रक्कम मात्र वाढविली नाही, दहा हजारच दिली. पण तीन महिन्यांनी एका प्रकाशकाने मुखपृष्ठासाठी तेच चित्र मागितले, तेव्हा तो ते देऊ शकला. जुन्या करारावर सही केली असती, तर स्वतःच्या बापाचे चित्र दुसऱ्याला देण्यासाठी त्याला कंपनीची परवानगी मागावी लागली असती.

चित्र जरूर द्या. बाजारात जरूर जा. पण मालक म्हणून जा. सहीला दोन दिवस उशीर झाल्याने जे काम हातून जाते, ते काम बहुधा आपल्या हिताचे नसतेच!