कर्तव्याची किंमत कोण मोजतो?

अद्भुताचा विषय निघाला की आपल्याकडील साहित्यचर्चेत एक ठरलेला निकाल ऐकू येतो : हे पलायनवादी लेखन आहे. १८६१ सालच्या 'मुक्तामाले'सारख्या कादंबऱ्यांवर 'अद्भुतरम्य' असा शिक्का मारून आपण मोकळे झालो. आता तोच शिक्का इंग्रजीतील फँटसीवर, बहुधा न वाचताच, उठवला जातो. हा निकाल आम्हाला मान्य नाही. आणि तो का मान्य नाही, हे सांगण्यासाठी आम्ही मुद्दाम एक असे पुस्तक निवडत आहोत, ज्याच्यावर त्याचे चाहतेही नाराज असतात.

रॉबिन हॉब या लेखिकेची 'फूल्स फेट' ही कादंबरी २००३ साली आली. 'फूल्स एरंड' (२००१) आणि 'द गोल्डन फूल' (२००२) यांनंतरचा हा समारोपाचा खंड. राजघराण्याचा अनौरस वारस फिट्झ आणि एकेकाळचा दरबारी विदूषक यांच्या मैत्रीची ही कथा. राजपुत्राने अस्लेवजाल बेटावरच्या हिमनदीत गाडल्या गेलेल्या ड्रॅगनचे शिर आणावे, तरच परक्या बेटांवरील राजकन्या त्याला वरील आणि जुने वैर मिटेल, असा पण आहे. विदूषकाला मात्र तो ड्रॅगन मुक्त व्हायला हवा आहे. आणि त्याच बेटावर आपला मृत्यू होणार, हेही त्याला ठाऊक आहे.

राजपुत्राचे नाव ड्यूटिफुल, म्हणजे कर्तव्यदक्ष. या घराण्यात मुलांना गुणांची नावे ठेवतात. मूल जन्मले की त्याच्या आयुष्याचा आराखडाच त्याच्या कपाळी लिहिला जातो. त्याच्या आईच्या, केट्रिकेनच्या, डोंगरी मुलुखात तर राज्यकर्त्याला 'बलिदान' असेच म्हणतात : राजा हा प्रजेचा सेवक, प्रसंगी तिच्यासाठी प्राण देणारा. कल्पना उदात्त आहे. परंतु हॉब आपल्याला एक अवघड प्रश्न विचारायला लावते : बलिदान राजाचे म्हणवते, पण बळी प्रत्यक्षात कोणाचा जातो? फिट्झला लहानपणापासून राजाचा मारेकरी म्हणून घडवले गेले. तिकडे ज्या राजकन्येने हा क्रूर पण घातला, तिची आई आणि धाकटी बहीण शत्रूच्या कैदेत आहेत; पण तिचा नव्हेच, तो तिच्याकडून वदवून घेतलेला आहे. दोन्ही दरबारांत कोवळ्या पोरांच्या आयुष्यावर तह लिहिले जात आहेत. ज्यांना हे पलायन वाटते त्यांनी सांगावे, पळून जाऊन वाचक नेमका पोचला कुठे?

येथे एक सोपी वाट होती. राजकर्तव्य दुष्ट आणि मैत्री पवित्र, असे ठरवले की कादंबरी आटोपली असती. हॉब ती वाट घेत नाही. तह झाला नाही तर पुन्हा युद्ध पेटेल, गावे जळतील; म्हणजे कर्तव्याची बाजूही खरीच आहे. आणि मैत्री? मित्राला मृत्यूपासून वाचवावे म्हणून फिट्झ वृद्ध सल्लागार चेडशी संगनमत करतो आणि विदूषकाला जहाजावर चढूच द्यायचे नाही असा बेत आखतो. मित्राला विचारत नाही. बेटावर पोचतो तेव्हा विदूषक तेथे आधीच हजर असतो.

आमच्या मते कादंबरीची गुरुकिल्ली या प्रसंगात आहे. दरबाराने फिट्झच्या आयुष्याचे निर्णय त्याला न विचारता, त्याच्या आणि राज्याच्या भल्यासाठी म्हणून घेतले. तोच फिट्झ प्रेमापोटी मित्राशी तसेच वागतो. सत्तेची सवय ही अशी असते. ती ज्याला चिरडते त्यालाही लागते. पुढे ड्रॅगनचा जीव की मित्राचा, अशी निवड त्याच्यापुढे ठेवली जाते. विदूषकाचा छळ होऊन तो मरतो, आणि फिट्झ त्याला मृत्यूतून परत आणतो. तेव्हाही, 'तुला परत यायचे आहे का?' हा प्रश्न विचारायला अवकाश उरलेला नसतो.

आता शेवट. विदूषक निघून जातो आणि फिट्झ आपल्या पहिल्या प्रेयसीशी, मॉलीशी, विवाह करतो. चाहत्यांची तक्रार अशी की, इतक्या थोर मैत्रीवर हा गोडगोड संसार चिकटवला आहे. या तक्रारीतील एक भाग आम्ही मान्य करतो. मॉलीचा पती बरिच याच खंडात मरतो. मरण वीराला साजेसे असले तरी लेखिकेच्या सोयीचेही आहे, आणि विधवा मॉलीच्या मनाला द्यायला हवी होती तेवढी पाने दिलेली नाहीत. हा दोष आहे, आणि तो झाकण्याचे कारण नाही.

परंतु शेवट गोड आहे, हे आम्ही मान्य करणार नाही. विदूषक का जातो? आपण जवळ राहिलो तर मित्राला साधे आयुष्य लाभणार नाही, असे त्याने ठरवलेले असते म्हणून. फिट्झचा विरोध त्या निर्णयाला हलवू शकत नाही. म्हणजे आरंभी एकाने केले तेच अखेरीस दुसरा करतो : प्रेमापोटी, दुसऱ्याच्या वतीने, परस्पर. ही फिटंफाट आहे, आणि तिच्यातले दुःख लग्नाच्या मांडवाने झाकले जात नाही. पुढे 'असॅसिन्स फेट' (२०१७) या कादंबरीत लेखिकेने या दोघांना पुन्हा एकत्र आणून वेगळा शेवट दिला, हे खरे. पण त्यामुळे २००३चा शेवट चुकीचा ठरत नाही. तो हिशेब मिटवणारा नव्हता, थकबाकी दाखवणारा होता, एवढेच त्यातून दिसते.

म्हणून वर्गात शिकवणाऱ्यांना आमचे सांगणे आहे. 'वास्तव' की 'अद्भुत' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. कोणाच्या भल्याचा निर्णय कोण घेते आणि त्याची किंमत कोण मोजते, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे मांडा. ज्यांच्या विद्याशाखा आणि लग्ने त्यांच्या 'भल्यासाठी' घरच्यांनी ठरवली आहेत, त्या मुलामुलींना ड्रॅगनची गोष्ट परकी वाटणार नाही.