घर घ्यावे, पण कागद समजून!

(द्वितीय वर्ष, कला)

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. या दोन्ही कामांत माणसाचा कस लागतो, हे खरेच आहे. परंतु या दोन कामांत एक मोठा फरक आहे. लग्न ठरविताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. मुलाचे मामा कोण, आत्या कोठे दिल्या, शेती किती, व्यसन आहे की काय, हे सारे विचारतो आणि त्यात कोणालाही अपमान वाटत नाही. घर घेताना मात्र 'माणूस ओळखीचा आहे' एवढ्यावर आपले भागते. ज्या व्यवहारात जन्माची कमाई घालावयाची, त्यातच सर्वांत कमी प्रश्न विचारावयाचे, ही कोणती रीत?

असला रूक्ष विषय महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात कशाला, असे काही मित्रमैत्रिणी म्हणतील. कविता, प्रवासवर्णन, थोरांची चरित्रे यांना येथे जागा असावीच. पण आपल्यापैकी कितीतरी जण आपापल्या घरातले पहिले शिकलेले माणूस आहेत. घरात कागद आला की तो आपल्यापुढे येतो. म्हणून माझ्या घरी घडलेली एक गोष्ट सांगते.

माझे वडील बाजार समितीत हमाली करतात. पंधरा वर्षे भाड्याच्या खोलीत काढल्यावर २०१९ साली त्यांनी गावाच्या कडेला एक गुंठा जागा घेतली. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, एकराचा चाळिसावा भाग. जागा देणारे गृहस्थ वडिलांच्या रोजच्या उठण्याबसण्यातले. आईने पाटल्या मोडल्या, चुलत्यांनी हातउसने दिले. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर मजकूर टाईप झाला, नोटरीचा लाल शिक्का बसला. लाल शिक्का म्हणजे सरकारचा शिक्का, अशी आम्हां सर्वांची समजूत. तो कागद घरी आला तेव्हा मी आठवीत होते. सरळ वाचता येणारी घरात मी एकटीच. वडील म्हणाले, "वाच गं, मोठ्यानं वाच." मी उभी राहून एकदाही न अडखळता वाचला. आजीने कडाकडा बोटे मोडली. कागदाच्या माथ्यावर 'साठेखत' असे लिहिले होते आणि शेवटी 'कायम खरेदीखत सवडीने करून देईन' असे एक वाक्य होते. मी तेही वाचले. त्याचा अर्थ ऐकणाऱ्यांना कळला नाही आणि वाचणारीलाही कळला नाही. कागद देवापुढे ठेवून पेटीत गेला.

गेल्या वर्षी पत्रे काढून स्लॅब टाकावा म्हणून वडील मला घेऊन बँकेत कर्जाची चौकशी करायला गेले. तेथील साहेबांनी कागद पाहिला आणि विचारले, "खरेदीखत कोठे आहे? सातबारा कोणाच्या नावावर आहे?" आम्ही सातबारा काढला. वडिलांचे नाव त्यावर कोठेच नव्हते. विकणाऱ्याचे होते, त्यांच्या दोन बहिणींची होती, आणि 'इतर अधिकार' या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता. विकणारे गृहस्थ मध्यंतरी वारले. त्यांची मुले म्हणतात, "दादांनी काय लिहून दिलं ते आम्हाला माहीत नाही." आज आम्ही त्याच दोन खोल्यांत राहतो, घरपट्टी भरतो, पण हे घर आमचे आहे असे सांगणारा कागद आमच्याजवळ नाही.

ते गृहस्थ लबाड होते असे माझे वडील आजही मानत नाहीत. मलाही तसे म्हणावयाचे नाही. ते जगते तर कदाचित शब्द पाळतेही. पण माणसाबरोबर त्याचा शब्द जातो आणि मागे कागद तेवढा राहतो. म्हणूनच माझे मत असे झाले आहे की, कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. उलट, ज्या माणसाशी आपले संबंध टिकावेत असे वाटते, त्याच्याशी व्यवहार करताना तर कागद पक्का हवाच. कागद कच्चा राहिला की पुढच्या पिढीत भांडण ठरलेले.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आणि १९०८ चा नोंदणी कायदा हे दोन्ही कायदे आपल्या पणजोबांच्या काळचे आहेत. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही, हे त्यांत स्पष्ट आहे. साठेखत हा पुढे विक्री करण्याचा करार. त्याने मालकी येत नाही. त्याच्या आधारे न्यायालयात दाद मागता येते, पण तिलाही मुदतीचे बंधन असते. नोटरी सही कोणी केली याची साक्ष देतो; जागेची मालकी तो देऊ शकत नाही. मुखत्यारपत्राच्या आधारे होणाऱ्या विक्रीबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगून टाकले आहे की, अशा कागदांनी मालकी जात नाही आणि येत नाही. खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, मुद्रांक शुल्क भरून, सह्या-अंगठे होऊन नोंदले गेले पाहिजे. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी हजर करावा लागतो. 'सवडीने' हा शब्द कायद्यात नाही!

आमच्यासारख्या गुंठ्याच्या जागांची आणखी एक अडचण आहे. शेतजमिनीचे फार लहान तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला. हेतू चांगला होता. पण शहरे वाढली, गरिबाला गुंठाच परवडू लागला, आणि नोंदणी होत नाही म्हणून स्टॅम्पपेपरवर व्यवहार होऊ लागले. सांगली, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांभोवती गुंठेवारीच्या वसाहतीच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांच्यासाठी २००१ साली गुंठेवारीचा कायदा करावा लागला, आणि २०२१ साली त्याची मुदत वाढवून २०२० अखेरपर्यंतची बांधकामे त्यात घेण्यात आली. २०२५ साली शासनाने तुकडेबंदीही शिथिल करण्याचे पाऊल उचलले. हे स्वागतार्हच आहे. पण सरकार तुकड्याला मान्यता देऊ शकते. विकणाऱ्याने न करून दिलेले खरेदीखत ते करून देऊ शकत नाही.

मग जागा घेणाऱ्याने काय पाहावे? पैसे देण्यापूर्वी ताजा सातबारा काढावा. तो आता संगणकावरही मिळतो. विकणाऱ्याने दाखविलेल्या जुन्या प्रतीवर जाऊ नये. त्यावर तीन गोष्टी बघाव्यात. पहिली, नावे किती आहेत. जितकी नावे तितक्या सह्या. दुसरी, भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २. वर्ग २ ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. तिसरी, 'इतर अधिकार' या रकान्यात बोजा, कुळ किंवा न्यायालयाची बंदी आहे का. नंतर फेरफार पाहावेत, म्हणजे हे नाव येथे कसे लागले ते समजते. जमीन शेतीची असेल तर महाराष्ट्रात ती घेण्यासाठी स्वतः शेतकरी असावे लागते. घर बांधायचे तर ती बिनशेती झाली आहे का, हे विचारावे. शहरात सातबाराऐवजी मालमत्ता पत्रक असते. गावठाणात लोक ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा दाखवितात. पण तो घरपट्टी आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. शक्य असेल तर वकिलाकडून मागील तीस वर्षांच्या नोंदींचा शोध घ्यावा आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी. वकिलाची फी पाहून पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. आमच्या घरी ती वाचली, आणि काय गेले ते वर सांगितलेच आहे.

खरेदीखत झाल्यावरही काम संपत नाही. पुष्कळ माणसे दस्त पेटीत ठेवून निर्धास्त होतात. सातबारावर आपले नाव लागले का, फेरफार प्रमाणित झाला का, हे जाऊन पाहावे. विजेचा मीटर आणि घरपट्टी यांवरही नाव लावून घ्यावे.

बिल्डरकडून सदनिका घेणाऱ्यांसाठी २०१६ चा स्थावर संपदा कायदा आहे. त्याखालील महारेरा २०१७ पासून काम करीत आहे. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक विचारावा आणि तो संकेतस्थळावर पडताळावा. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. क्षेत्र चटई क्षेत्राप्रमाणेच मोजून मागावे. ताबा घेताना भोगवटा प्रमाणपत्र आहे का ते पाहावे. बांधकामात मूळ दोष निघाला तर ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत तो दुरुस्त करून देण्याची जबाबदारी बिल्डरची असते. जुनी सदनिका असेल तर सोसायटीची थकबाकी आणि बँकेचे कर्ज यांची विचारपूस आधी करावी.

पैशाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. मुद्रांक शुल्क वाचावे म्हणून दस्तात किंमत कमी लिहावयाची आणि उरलेले रोखीने द्यावयाचे, हा प्रकार सर्रास चालतो. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा अधिक रक्कम रोखीने घेण्याला कायद्याची बंदी आहे. शिवाय शुल्क करारातील किंमत आणि सरकारी दर यांपैकी जी रक्कम जास्त तिच्यावर लागते. उद्या भांडण झाले तर लिहिलेली रक्कम तेवढी सिद्ध होते, रोखीने दिलेली बुडते. सचोटी हा येथे नुसता नीतीचा प्रश्न नाही, तो फायद्याचाही आहे. घर एकट्या स्त्रीच्या नावावर घेतले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते. आईच्या पाटल्या मोडून घर घेणाऱ्यांनी निदान घरावर आईचे नाव लावावे, असे मला वाटते.

विकणाऱ्याचीही बाजू असते. मुलीच्या लग्नासाठी, दवाखान्यासाठी घाईने घर विकणारा नेहमीच नडलेला असतो. त्याने सरकारी दर तक्ता पाहावा, निदान दोघाचौघांकडून किंमत काढावी. कोऱ्या कागदावर सही करू नये. 'तुम्हांला हेलपाटे नकोत' असे गोड बोलून कोणी मुखत्यारपत्र मागितले तर ते देण्यापूर्वी दहादा विचार करावा. कर्ज फेडून बोजा कमी केल्याची नोंद करून घ्यावी. धनादेशाचे क्रमांक दस्तात लिहावेत आणि पूर्ण पैसे खात्यात आल्यावरच ताबा द्यावा. आणखी एक. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला आहे. भाऊबीजेला ओवाळायला बोलवायचे आणि त्याच वेळी 'इथं एक सही कर' म्हणून हक्कसोडपत्र पुढे करावयाचे, हे अनेक घरांत घडते. बहिणीने समजून, राजीखुशीने हक्क सोडला तर गोष्ट वेगळी. पण तिला वाचू न देता घेतलेली सही ही फसवणूकच होय.

यावर वडीलधारी मंडळी म्हणतात, "आमच्या वेळी शब्दावर गावं चालत होती." चालत असतील. तेव्हा विकणारा, घेणारा आणि साक्षीदार एकाच पारावर बसत. शब्द मोडणाऱ्याला गावात तोंड दाखविता येत नसे. आज जागा विकणारा एका गावचा, घेणारा दुसऱ्या, मध्ये दलाल तिसऱ्या गावचा. पारही उरला नाही. पाराचे काम आता नोंदणीने करावयाचे आहे. आणि खरे सांगायचे तर, शब्दावर चाललेल्या त्या व्यवहारांत कोणाची जमीन कोणाकडे गेली, याचाही हिशोब कधीतरी व्हायला हवा. बहुतेक वेळा ती न वाचता येणाऱ्याकडून वाचता येणाऱ्याकडे गेली.

म्हणून आपल्या महाविद्यालयाला माझी एक विनंती आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी खेड्यात भरते. रस्ते झाडणे, श्रमदान करणे हे चांगलेच. त्याच्या जोडीला एक दिवस 'सातबारा कसा वाचावा' यासाठी ठेवावा. एखाद्या वकिलांना, निवृत्त तलाठी भाऊसाहेबांना बोलवावे. गावकरी आपापले उतारे घेऊन येतील आणि आपणही शिकू. अर्थशास्त्रात आपण भूमीची व्याख्या पाठ करतो. आपल्या घराखालची भूमी कोणाच्या नावावर आहे हे मात्र आपल्याला ठाऊक नसते.

आमच्या जागेचे काय होईल ते अजून सांगता येत नाही. विकणाऱ्यांच्या मुलांशी आणि बहिणींशी बोलणी चालू आहेत. त्यांच्या थोरल्या बहिणीने सही द्यायचे कबूल केले आहे. पण माझ्या मनाला लागून राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. तो कागद मी वाचला होता. मोठ्याने, स्पष्ट उच्चारांत, सर्वांसमोर वाचला होता, आणि सर्वांना वाटले की घरात शिकलेले माणूस आहे, आता काळजी नाही. वाचता येणे आणि समजणे यांत केवढे अंतर आहे, हे मला त्या सातबाराने शिकविले.

मित्रमैत्रिणींनो, या सुटीत घरी गेलात की आईवडिलांना विचारून ती पेटी एकदा उघडा. घराचा कागद काढा, त्याच्या माथ्यावर काय लिहिले आहे ते पाहा, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढून त्यावरचे नाव पडताळा. सारे ठीक असेल तर आनंदच आहे. नसेल, तर सही करणारी माणसे हयात आहेत तोवरच ते ठीक करून घ्या.