अण्णा नाईकांचे भूत कोणी केले?

सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातला एक जुना वाडा गेल्या काही वर्षांत प्रेक्षणीय स्थळ होऊन बसला आहे. तिथे कोणी संत जन्मला नाही की कोणी राजा मुक्कामाला आला नाही. 'झी मराठी'वरील 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेचे चित्रीकरण तिथे झाले, एवढेच त्याचे माहात्म्य. त्या ओसरीवर उभे राहून लोक हौसेने छायाचित्रे काढून घेतात. ज्याच्या ओसरीवर आपण उभे आहोत तो कथेतला गृहस्थ विषयलंपट, जुलमी आणि खुनी आहे, याची बोच कोणाला लागलेली दिसत नाही. आमचे भांडण या न लागलेल्या बोचेशी आहे.

२०१६ साली मालिका आली, तेव्हा अण्णांच्या मृत्यूपासून कथा सुरू झाली. २०१९ च्या दुसऱ्या पर्वाने मागे जाऊन जिवंत अण्णा दाखवले: जमीनजुमला बाळगणारे, गावाला धाकात ठेवणारे, आड येणाऱ्यांना संपवणारे. २०२१ च्या तिसऱ्या पर्वात तेच अण्णा भूत होऊन परतले. माधव अभ्यंकरांनी ही भूमिका उत्तम वठवली, आणि मालवणी बोली घराघरांत पोचली, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु श्रीमंत खुन्याची कथा सांगणाऱ्याला एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते: हा इतकी वर्षे पकडला का गेला नाही?

या प्रश्नाचे निर्दय उत्तर मेरी हॅरन या दिग्दर्शिकेने 'अमेरिकन सायको' (२०००) या चित्रपटात दिले होते. ब्रेट ईस्टन एलिस यांच्या १९९१ च्या कादंबरीवर बेतलेल्या या चित्रपटाचा नायक पॅट्रिक बेटमन हा न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवरचा धनिक तरुण. दुसऱ्याचे व्हिजिटिंग कार्ड आपल्या कार्डापेक्षा देखणे निघाले म्हणून त्याला घाम फुटतो. तो खून करतो (किंवा केल्याची कल्पना करतो, चित्रपट ते मुद्दाम संदिग्ध ठेवतो) आणि शेवटी वकिलाला फोन करून सारे कबूलही करतो. वकील तो विनोद समजतो. इतकेच नव्हे, समोरचा माणूस कोण हेही तो ओळखत नाही. ज्या घरात प्रेते असायला हवीत, तिथे बेटमन जातो तो रंगरंगोटी चालू असते, आणि घर विकायला निघालेली बाई त्याला नको ते प्रश्न न विचारता निघून जायला सांगते. घराला भाव चांगला येणार आहे. प्रेतांची चौकशी कोणाला हवी? त्या चित्रपटातली खरी भीती कुऱ्हाडीत नसून त्या बाईच्या शांत स्वरात आहे.

आता आमच्या वाड्याकडे येऊ. अण्णांचे पाप उघडे पाडायला येतात ती भुते. शासन करतात तीही भुतेच. त्यामुळे गाव सुटते. खोत-जमीनदारापुढे मान खाली घालणारी कुळे, सारे माहीत असून गप्प बसणारे शेजारी, कागदपत्रे सांभाळणारे वकील, फौजदार, या साऱ्यांची जबाबदारी विहिरीत बुडते. आजचा सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत ज्याचा भाग होता, त्या रत्नागिरी जिल्ह्याला जमीनदारी म्हणजे काय हे सांगायला भुतांची गरज नव्हती. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडले, आणि कायदा व्हायला १९४९ साल उजाडावे लागले. ही दहशत सातबाऱ्यावर नांदत होती, पिंपळावर नव्हे.

मालिकेविरुद्ध त्या वेळी ओरड झाली तीही आमच्या मते चुकीच्या दिशेने. म्हणे कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते. दुसरा मुद्दा गंभीर आहे, यात शंका नाही. २०१३ साली दाभोलकरांचा खून झाल्यावरच जादूटोणाविरोधी कायदा पुढे सरकला, हे विसरून चालणार नाही. पण कोकणाची बदनामी भुतांनी होत नाही. सत्ताधीश माणसाच्या गुन्ह्याला भुताटकी म्हणण्याची सोय आपण आवडीने स्वीकारली, याची लाज वाटायला हवी होती.

कोणी म्हणेल, बेटमनलाही आज समाजमाध्यमांवर भक्तगण लाभला आहेच. मग उपहासाने काय साधले? आक्षेप खरा आहे. मात्र त्या भक्तांना चित्रपटाकडे पाठ फिरवूनच भक्ती करावी लागते, कारण चित्रपट बेटमनला क्षणोक्षणी हास्यास्पद करतो. अण्णांच्या भक्तांना अशी कसरत पडत नाही. 'अण्णा परत येणार' या जाहिरातीच्या तालावर मालिकाच त्यांना नाचायला बोलावते.

आणि उपहास आम्हांला परका आहे काय? जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावतार उभा राहतो, तेव्हा आरंभी संकासुर येतो. वेद पळवणारा हा काळा राक्षस मालवणीत बोलतो, गावातल्या गोष्टी काढतो, पोरे भेदरतात आणि थोरे पोट धरून हसतात. मग विष्णू त्याचा वध करतो. राक्षसाला भ्यावे, त्याला हसावे, आणि तरीही तो राक्षसच आहे हे विसरू नये, ही समज आमच्या अडाणी म्हटल्या गेलेल्या रंगभूमीला पिढ्यान्‌पिढ्या होती. वाहिनीला भीती हवी होती, विनोदही हवा होता; वध तेवढा परवडणारा नव्हता, कारण पुढचे पर्व काढायचे होते.

आज या किनाऱ्यावर जमिनींचे व्यवहार जोरात आहेत. कळण्याच्या खाणीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, त्याला दीड दशकाहून अधिक काळ लोटला. कोणाची जमीन कोणाच्या नावावर कशी गेली, हे विचारणाऱ्या लेखकाला इथे भयकथांचा तोटा नाही. त्याने फक्त तलाठ्याच्या दप्तरापासून सुरुवात करावी. वाड्यात शिरण्याची घाई नको. तिथे छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी आहे.