बारा चॅनलचा मिक्सर, चार माइक

वाराणसीच्या पोस्टिंगमध्ये सुटीच्या दिवशी बालाजी घाटावर जाऊन बसायचो. तिथल्या बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ वर्षानुवर्षे रियाज करत. त्यांना कसला मिक्सर! आमच्या भजनी मंडळाला मात्र तो हवा होता, आणि पैसे जवानांच्या खिशातले.

माझं स्पष्ट मत: खोक्यावरचा आकडा बघून मिक्सर घेऊ नका. बेहरिंजर झेनिक्स 1202 मध्ये इनपुट 12, पण माइकचे चारच. यामाहा एमजी10एक्सयूवरही माइकला चारच. बाकीचे कीबोर्ड, मोबाइल वगैरेंसाठी. आम्हाला लागत होते पाच: दोन गायक, एक पेटी, पखवाजाच्या दोन तोंडांना दोन. टाळांना माइक देऊच नका, ते गायकांच्या माइकमध्ये आपोआप शिरतात, नको इतके.

काही जण म्हणाले, मोठाच घ्या, पुढे उपयोगी पडेल. बदली झाली की तो उचलून कोण नेणार? आम्ही चारवालाच घेतला, उरलेल्या पैशांत चांगल्या केबल आणल्या आणि पखवाजाला एकच माइक दिला. डाव्या तोंडाचा घुमारा थोडा कमी येतो. आमचा पखवाजी हवालदार अजून माझ्याशी नीट बोलत नाही.