'निरंक' मागणाऱ्यांना जाब

बेटमा, देपालपूर, गौतमपुरा आणि पीथमपूर इथल्या मराठी घरांसाठी

भागीरथपुऱ्यात काय झालं ते तुम्हाला नव्याने सांगायला नको. २०१७पासून सलग सात वेळा देशात पहिलं आलेल्या आपल्या स्वच्छ इंदूरमध्ये, डिसेंबर २०२५च्या अखेरीस, नर्मदेच्या नळातून गटार आलं आणि माणसं मेली. संताप सगळ्यांचा सारखाच आहे, तो पुन्हा ढवळण्यात आम्ही कागद वाया घालवत नाही. जलवाहिनीच्या डोक्यावर शौचालय कोणी बांधलं, ते चौकशीवाले बघतील.

आमचा प्रश्न वेगळा आहे. जानेवारीच्या पहिल्या दिवसांत मेलेल्यांचा आकडा विचारला, तर न्यायालयापुढच्या सरकारी अहवालात चार, महापौरांच्या तोंडी दहा आणि वस्तीत विचाराल तर त्याहून जास्त. वस्ती तीच, आठवडा तोच. माणूस जिवंत आहे की गेला याबद्दल घरच्यांचं कधी दुमत होत नाही. ते फक्त सरकारी कागदावर होतं. तिथे मग खुलासा येतो की अमुक आजी गेल्या खऱ्या, पण 'अन्य कारणाने'. चार दिवस जुलाब झाले आणि पाचव्या दिवशी हृदय थांबलं, तर कारण हृदय! या हिशेबाने जगात आजपर्यंत कोणीच पटकीने मेलेलं नाही.

आजार मोजायची व्यवस्था नाही, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. २००४पासून देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे. उपकेंद्राच्या नर्स बहनजींनी लक्षणांवरून एस फॉर्म भरायचा, डॉक्टरांनी पी, प्रयोगशाळेने एल. दर आठवड्याला. २०२१पासून हेच सगळं रोजच्या रोज, गावाच्या नावासकट पोर्टलवर चढवता येतं. कल्पना सरळ आणि शहाणी आहे. एका मोहल्ल्यात दोन दिवसांत आठ जणांना जुलाब झाले, तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी पाण्याची बाटली भरून तपासायला न्यायची. आकडा त्यासाठीच असतो.

आणि नेमका इथेच आमचा लाडका शत्रू बसलेला आहे. त्याचं नाव 'निरंक', म्हणजे 'एकही रुग्ण नाही' असा अहवाल.

निरंक कसा जन्माला येतो, ते बघा. एखाद्या बहनजीने खरंच घरं फिरून जुलाबाचे बारा रुग्ण लिहिले, की संध्याकाळी फोन येतो: एवढे कसे? स्पष्टीकरण द्या. पाणी तपासायला कोणी येत नाही, स्पष्टीकरण मागायला मात्र येतात. पुढच्या आठवड्यात ती निरंक लिहिते. फोन येत नाही. सहा आठवडे निरंक लिहिलं तर आढावा बैठकीत तिच्या केंद्राचं कौतुक होतं. यात तिने खोटेपणा केला असं म्हणणारे म्हणोत. आम्ही म्हणतो, तिने जे शिकवलं गेलं ते नीट आत्मसात केलं. निरंक लिहिते ती, पण तो मागणारा तिच्या तीन खुर्च्या वर बसलेला असतो.

निरंक म्हणजे 'आम्ही फिरलो, कोणी आजारी नव्हतं' की 'आम्ही फिरलोच नाही'? कागदावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. या एका सोयीवर अख्खी इमारत उभी आहे.

वरून मोठा आकडा हवा असेल, तेव्हा हेच हात तो तितक्याच सफाईने देतात. २० जून २०२१ रोजी मध्य प्रदेशात करोना लशीचे ६९२ डोस दिले गेले. २१ जूनला, महाअभियानाच्या दिवशी, सुमारे १७ लाख. २२ जूनला पाच हजारांच्या आत. बचाव करणारे म्हणतील की २० तारखेला रविवार होता. होता. विषाणूला मात्र साप्ताहिक सुट्टी नव्हती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात राज्याच्या जन्म-मृत्यू नोंदणीत दीड लाखाहून जास्त मृत्यू नोंदले गेले. त्याआधीच्या दोन वर्षांच्या मे महिन्यांत ते तीस-पस्तीस हजार होते. आणि करोनाचे म्हणून मोजले गेले ते अडीच हजारांच्या आसपास! डोस मोजताना मुक्तहस्त, मयत मोजताना चिकटपणा. राज्य एक, उन्हाळाही एकच.

आता काही हरकतींना उत्तर देतो. आम्हाला सगळ्यात जास्त चीड आणणाऱ्या याच आहेत.

'खरे आकडे दिले तर घबराट पसरेल.' पुढल्या दारातून एकामागून एक तिरडी निघताना बघून जी पसरते, तिला काय म्हणायचं? आठ जणांना जुलाब झाल्याचं वेळेवर कळलं असतं तर लोकांनी पाणी उकळलं असतं. घबराटीचा लाभ इतकाच असतो की माणसं जगतात.

'खालचा कर्मचारी अर्धशिक्षित, त्याला नीट लिहिता येत नाही, प्रशिक्षण द्यायला हवं.' हे वाक्य नेहमी वातानुकूलित खोलीत उच्चारलं जातं. ते म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीचा रस्ता धरावा. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत जेमतेम पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं. त्यांनी तान्ह्या बाळांचं वजन, ताप आणि श्वासाचा वेग मोजला, लिहिला आणि त्यावरून जागेवर उपचार केले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. १९९९मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं आणि आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात ते त्याच धर्तीवर. तिथली खरी युक्ती मात्र आपल्याकडे कोणी उचलली नाही. जन्म-मृत्यू एकाच वहीवर सोडलेले नव्हते. दुसरा माणूस वेगळी नोंद ठेवायचा, शिवाय दर सहा महिन्यांनी घरोघर फिरून पडताळा. म्हणून आकडा उभा राहिला. पुढे महाराष्ट्रातल्या १३ स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या भागातली मेलेली मुलं अशीच दारोदार जाऊन मोजली आणि २००१मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला. सरकारी कागदावर नसलेली मुलं घराघरात सापडली. मोजणाऱ्या बायका तशाच साध्या होत्या. त्यांना निरंक लिहायला कोणी सांगितलं नव्हतं, एवढाच फरक.

'नवीन पोर्टल येतंय, सगळं सुधारेल.' एचएमआयएस आलं, एमसीटीएस आलं, आरसीएच आलं, अनमोल आलं, आयएचआयपी आलं, यू-विन आलं. एकच बाळ सहा ठिकाणी जन्मलं आणि कुठल्याही ठिकाणी त्याचं वजन का वाढत नाही हे कोणी विचारलं नाही. एवढी पोर्टलं झाल्यावर बहनजींना बाळाकडे बघायला वेळ उरतो, हेच नवल.

बेटम्याने याची काळजी का करावी, असं वाटत असेल तर दक्षिणेला पीथमपूरकडे बघा. जानेवारी २०२५मध्ये भोपाळच्या वायुकांडाचा ३३७ टन कचरा तिथे आणला आणि त्याच वर्षी जाळला. उद्या कोणाच्या छातीत घरघर सुरू झाली, कोणाच्या अंगावर चट्टे आले, तर अधिकारी पहिला प्रश्न विचारतील: आधी किती होते? त्या वेळी आसपासच्या उपकेंद्रांच्या वहीत ओळीने निरंक असेल, तर खटला तिथेच संपला. मृतांच्या आकड्यावरून भांडत बसावं लागलं की काय होतं, हे भोपाळने १९८४पासून भोगलंय. अजून भोगतंय.

जाता जाता. आपल्या बेटम्यात राजा भोजाचा १०२० सालचा ताम्रपट सापडला आहे. त्या काळच्या दानपत्रांत लिहून दिलेलं दान मोडणाऱ्याला शाप लिहायची रीत होती. हजार वर्षांनंतर आपण शाप काढून टाकला आणि पासवर्ड दिला.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. कोणत्याही निरंक अहवालावर किती घरं फिरून तो लिहिला हे नमूद नसेल, तर तो स्वीकारूच नये. कायद्याने २१ दिवसांत होणारी मृत्यूनोंदणी, स्मशान-कब्रस्तानची वही आणि आरोग्य खात्याची वही दर महिन्याला शेजारी ठेवून नावानिशी जुळवावी, आणि न जुळलेली नावं खोडू नयेत, शोधावीत. वॉर्डातल्या ताप-जुलाबाचा आठवड्याचा आकडा नगर परिषदेच्या भिंतीवर खडूने लिहावा. खडूच बरा, त्याला सर्व्हर लागत नाही. आणि जास्त रुग्ण लिहिले म्हणून कुठल्याही बहनजीला नोटीस देता येणार नाही, असा लेखी आदेश निघावा. यातल्या शेवटच्या मागणीवर आम्ही अडून राहणार आहोत. बाकीच्या तिच्यामागून येतील.

हे पत्रक घेऊन आशाताईंच्या दारात भांडायला जाऊ नका. त्या तुमच्याआधी रडून बसलेल्या आहेत. जा ते ब्लॉकच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे, पाच-सात जण मिळून, आणि नम्रपणे एवढंच विचारा: साहेब, गेल्या आठवड्यात आमच्या वॉर्डाचा अहवाल निरंक गेला, तर कोणकोणत्या घरांत जाऊन? उत्तर लेखी मागा. पोच घ्या.

— बेटम्यातील काही नागरिक
(वाचून झाल्यावर शेजारी द्या.)